नटावरची पांढरी रेघ

बॅटरी कशी धरायची हे मला येत नाही, असं बाबांचं मत आहे, आणि मी शाळेत होते तेव्हापासून ते बदललेलं नाही. मधल्या काळात मी पिकअप चालवायला शिकले, ट्रेलर लावून गाडी मागे घ्यायला शिकले, बिथरलेल्या घोड्याला चुचकारून ट्रेलरमध्ये चढवायला शिकले. पण बाबा गाडीखाली शिरले की मी पुन्हा तीच. "उजेड माझ्या हातावर नको, नटावर पाड." नटावर पाडला की, "डोळ्यांत मारू नको." डोळ्यांतून काढला की, "आता कुठे गेलीस?" या खात्यात मला बढती म्हणून मिळालीच नाही.

त्या दिवशीही सकाळपासून तेच चाललं होतं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी पिकअप लोखंडी स्टँडवर चढवलेली, मागची चाकं हवेत, चाकांमधला एक्सल लोंबकळतोय, आणि त्याच्याखाली गोणपाटावर आम्ही दोघं उताणे. बाबांच्या छातीवर पाना, माझ्या केसांत ग्रीस.

गाडी माझी, कारण धंदा माझा. लोकांचे घोडे मी एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवते. विकलेले, आजारी, रायडिंग स्कूलमधून रिटायर झालेले. घोडा म्हणजे काही पोती नव्हेत, की एकदा ठेवली आणि विसरलो. वळण आलं की तो या पायावरचा भार त्या पायावर घेतो, ट्रेलर कलतो, आणि पिकअपच्या शेपटीला हिसका बसतो. मध्यंतरी डोंगर उतरताना एका वळणावर गाडीचा मागचा भाग असा काही झुकला, की शेजारी बसलेल्या बाबांनी खिडकीवरची मूठ धरली. बाबा कधीच मूठ धरत नाहीत. सपाटीला लागल्यावर त्यांनी ती सोडली आणि म्हणाले, "हिला मागे बार पाहिजे."

बार म्हणजे स्वे बार. मागच्या एक्सलला आडवा बसणारा, दोन्ही टोकांना वाकवलेला जाड दांडा. त्याची टोकं दोन लिंकांनी, म्हणजे आखूड जोडदांड्यांनी, वर गाडीच्या सांगाड्याला जोडायची. गाडी एका बाजूला झुकायला लागली की हा दांडा पिळला जातो आणि तिला सरळ ओढतो. सांगायला एवढंच आहे. बसवायला काय काय लागतं ते आता सांगते.

पण त्याआधी दादाचं सांगायला हवं. बाबांचं गॅरेज होतं, आणि आख्खी गल्ली त्यांना वस्ताद म्हणायची. दोनेक वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाला कळलं, मग आम्हाला. मग एकदा एका गिऱ्हाइकाच्या गाडीचे चाकाचे नट ढिले राहिले. कुणाला काही झालं नाही, चाक डगमगतंय हे त्या माणसाच्या वेळीच लक्षात आलं. पण तो परत आला आणि भर गल्लीत बाबांना नाही नाही ते बोलला. बाबा हातात फडकं धरून ऐकत उभे राहिले. आठवडाभरात दादा शहरातून आला, त्याने स्वतःच्या हाताने शटर खाली ओढलं आणि जेवायला बसल्यावर जाहीर केलं, की यापुढे बाबा कुणाच्याही गाडीला पाना लावणार नाहीत.

बाबा ताटात बघत जेवत राहिले. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "माझ्या गाडीला लावतील. माझी गाडी बाबांशिवाय कुणी उघडणार नाही." दादा म्हणाला, "हट्ट करू नकोस." मी म्हणाले, "हट्ट नाही, सांगून ठेवतेय." रागाच्या भरात बोलून गेले खरी, पण बाबांनी मान वर करून पुन्हा भाजी वाढून घेतली. तेव्हापासून माझा शब्द हाच त्यांचा धंदा होता. दिवे बदलणं, ऑइल बघणं, वायपर, असली किरकोळ कामं झाली. जिवाशी गाठ असलेलं पहिलं काम म्हणजे हा बार. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका गाभण घोडीला डोंगरापलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात पोचवायचं होतं.

आदल्या दिवशी दादाचा फोन आला होता. "बार कोण बसवतंय?"

"बाबा."

"बरं. मग तू मागून एकदा सगळं तपासून घे. त्यांना कळू न देता."

मी फोन कट केला. तपासून घे म्हणे.

तर काम. पहिल्यांदा स्टेपनी उतरवायची होती, कारण ती नेमकी बारच्या जागेत लटकते. तिचा बोल्ट गंजून एवढा बसलेला, की तेल पाजलं, ठोकलं, पुन्हा तेल पाजलं, तरी हूं की चूं नाही. बाबा म्हणाले, "धीर धर." मी म्हणाले, "मी धीरच धरून बसलेय, दुसरं काही तुम्ही धरायला देत कुठे?" शेवटी तो निघाला तो गंजाच्या पापुद्र्यांसकट माझ्या तोंडावर.

मग बार. खोक्यात एक कागद होता, त्यावर कसं बसवायचं त्याची चित्रं. बाबांनी तो एकदा उलटून पाहिला आणि चाकाखाली सरकवला. "नुसती चित्रं आहेत," म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून ते अवजड धूड छातीवरून वर उचललं, रबरी बुश चढवले, पट्ट्या लावल्या, एक्सलभोवती यू-बोल्ट घातले, आणि बार जाऊन टेकला एक्सलच्या मधल्या गोळ्याला. उलटा लावला होता. कागदावर मोठ्या बाणाने ते दाखवलेलं होतं, हे मी नंतर कागद ओढून काढला तेव्हा दिसलं. मी तो बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बाण पाहिला, चष्मा पुन्हा वर केला. "उतरव," म्हणाले.

सगळं पहिल्यापासून.

पण खरा जीव खाल्ला तो वॉशरने. बोल्टच्या टोकावर वॉशर अडकवायचा आणि वर नट धरून दोन आटे फिरवायचे. दोन आटे गेले की पुढे पाना आहेच. पण ते दोन आटे बोटांनीच द्यावे लागतात, आणि बोटं ऐकत नव्हती. वॉशर पडला. मी धुळीतून शोधला, पुसला, दिला. पडला. शोधला, पुसला, दिला. यावेळी वॉशर राहिला आणि नट पडला.

"द्या बाबा, मी लावते. माझा हात पोचतोय."

"बॅटरी धर."

"बॅटरी दातांत धरते, पण एवढा नट..."

"मॅडम," बाबा म्हणाले. ते चिडले की मी मॅडम होते. "बॅटरी धर."

मी धरली. मला त्यांचा राग येत होता आणि राग आल्याचा आणखी राग येत होता. उन्हाने पत्रा तापलेला, पाठीखाली खडे, उद्या पहाटे निघायचं, आणि मी एका माणसाला एक नट लावताना बघतेय, जो नट मी डोळे मिटून लावला असता. आई चहा घेऊन आली, आमचे चार पाय गाडीखालून बाहेर आलेले बघून म्हणाली, "कुणाला देऊ? पायांवरून काही कळत नाही." कुणीच हसलं नाही. तिने कप टायरवर ठेवले आणि ती गेली.

एक मात्र सांगते. नट एकदा बसला की पुढचं बघण्यासारखं होतं. पाना लावून बाबा दोन्ही हातांनी, खांद्याचा जोर लावून असा आवळायचे, की वर गाडी करकरायची. आणि मग त्यांची रेघ. गॅरेजमध्ये त्यांचा हा नियमच होता. आवळून झालेल्या प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडापर्यंत काडीने पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट पुढे कधी हलला, तर रेघ तुटलेली दिसते. पूर्वी त्यांची रेघ पट्टी धरून मारल्यासारखी यायची. आता ती वाकडीतिकडी, थरथरत जाते. काडी बुडवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी दुसरीकडे बघत होते.

जेवायची वेळ टळून गेली तेव्हा बाबा सरपटत बाहेर आले. "चल, जेवून घेऊ. मग गाडी खाली उतरवू."

जेवण झालं. बाबा आतल्या खोलीत आडवे झाले आणि घोरायला लागले. मी भांडी घासली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. दादाचं बोलणं डोक्यातून जाईना. मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग मी हात पुसले आणि शेडमध्ये गेले.

एकेका नटाला पाना लावून पाहिला. पहिला दगडासारखा. दुसरा तसाच. तिसऱ्याला मी लोंबकळले तरी हलला नाही. मला लाज वाटायला लागली, पण आता सुरुवात केली होती. आणि डावीकडच्या यू-बोल्टच्या मागच्या नटाला पाना लावला तर तो फिरला. फार नाही, पाव फेरा फिरला आणि मग घट्ट झाला. त्याच्यावरची रेघ मधोमध तुटली.

मी बॅटरी वर नेली, जिथे लिंका सांगाड्याला जोडल्या होत्या तिकडे. तिथले दोन्ही नट बोटाने फिरत होते. त्यांच्यावर रेघ नव्हतीच. राहूनच गेले होते. गाडी खाली उतरवू म्हणाले होते ते आणि दोन नट राहून गेले होते.

उद्या त्या घोडीसकट मी डोंगर उतरत असते आणि... पुढचा विचार मी केला नाही. मी आवळलं. दोन्ही नट, दातओठ खाऊन, पाना हाताला रुतेपर्यंत. मग फडक्यावर रॉकेल घेऊन ती तुटलेली रेघ पुसली, काडी घेतली, रंगात बुडवली आणि तिन्ही नटांवर रेघा ओढल्या. छान आल्या. डबा होता तिथे ठेवला, पाना होता तिथे ठेवला, गोणपाट होतं तसं पसरलं. चोरी करण्यात मी इतकी तरबेज असेन, असं मला वाटलं नव्हतं.

बाबा उठले, तोंड धुऊन शेडमध्ये आले. मी जॅकपाशी तयारच होते. "घ्यायची ना खाली?"

"थांब जरा. बॅटरी दे."

"मी धरते ना."

"दे."

ते खाली शिरले. मी बाहेर उभी राहिले. उजेड हळूहळू पुढे सरकत होता, थांबत होता, सरकत होता. लिंकेपाशी तो थांबला तो हललाच नाही.

"आत ये," बाबा म्हणाले.

मी गेले. त्यांनी नटावर बोट टेकवलं आणि मला दाखवलं. बोटाला पांढरा रंग लागला होता.

"ही रेघ माझी नाही."

"तुमचीच असेल. रंग सुकला नसेल अजून."

"माझी नाही. सरळ आहे ही."

 

बाबांनी पाना मागितला आणि दोन्ही लिंकांचे नट परत ढिले केले. मी इतक्या जोराने आवळले होते, की त्यांना दम लागला. "हे गाडी चाकांवर उभी राहिल्यावर आवळायचे," ते वर बघत म्हणाले. "वजन आलं की लिंकेतला बुश त्याच्या जागेवर बसतो. तिथे त्याला धरायचं. अधांतरी आवळला तर रबर पिळलेलंच राहतं आणि फाटतं. म्हणून ठेवले होते. रेघ नव्हती ना मारलेली?"

"मला वाटलं, राहिले."

"विसरलो, असं वाटलं."

"तसं नाही बाबा."

"मग कसं?"

हे त्यांनी रागावून विचारलं असतं तर मी भांडले असते. भांडायला मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी खरंच विचारलं होतं. मी एवढंच मनात म्हणत होते, की आता बाहेर चला, पुढे बघू नका. पण उजेड निघाला. एक्सलवरून, एकेका नटावरून, एकेका वाकड्या रेघेवरून. डावीकडच्या मागच्या नटापाशी तो थांबला.

"ही पण सरळ आहे," बाबा म्हणाले.

शेडमध्ये तापलेला पत्रा कुठेतरी टण्ण वाजला.

"किती फिरला?"

"जरासा."

"किती?"

"काही नाही हो बाबा, उगाच जरासा..."

"हाताने दाखव."

मी हात वर केला आणि हवेतच पाना फिरवल्यासारखा पाव फेरा दाखवला. ते माझ्या हाताकडे बघत होते. मी कमी दाखवू शकले असते. मला ते सुचलंच नाही.

"पाव," ते म्हणाले.

"पण बाकीचे सगळे दगडासारखे आहेत. शपथेवर सांगते. मी स्वतः पाहिलेत, एकही हलत नाही."

म्हणून झालं आणि मग मला कळलं मी काय बोलले ते.

"म्हणजे सगळेच पाहिलेस," बाबा म्हणाले.

ते बाहेर आले. रॉकेलचं फडकं घेऊन पुन्हा खाली गेले आणि त्यांनी सगळ्या रेघा पुसायला घेतल्या. माझ्या तीन आणि त्यांच्या सगळ्या. "बाबा, कशाला? अहो, घट्ट आहेत ते." ते पुसत राहिले. पुसायला हात थरथरला तरी चालतो. शेवटची रेघ गेल्यावर त्यांनी पाना माझ्या हातात दिला.

"तू आवळ. सगळे. तुझी गाडी आहे, घोडी तुझ्या भरवशावर येणार आहे. रेघाही तूच मार."

"मी नाही मारणार."

"मॅडम," ते म्हणाले, पण चिडून नाही.

मी आवळले. आवळण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं, म्हणून मला अजूनच चीड येत होती. प्रत्येक नटाला पाना लावायचा, जोर करायचा, तो जागचा हलायचा नाही, मी म्हणायचे, "बघा, हलत नाही," आणि ते म्हणायचे, "रेघ मार." मग गाडी खाली घेतली, तिला दोनदा दाबून हलवली, आणि मी पुन्हा खाली शिरून लिंकांचे दोन नट आवळले, जसे आवळायला हवे होते तसे. बाबा शेजारी कुशीवर पडून बॅटरी धरत होते. दोन्ही हातांनी धरली होती, तरी उजेड नटावर ठरत नव्हता. कधी माझ्या मनगटावर, कधी डोळ्यांत. मी अंदाजानेच पाना लावला.

संध्याकाळी ट्रेलर जोडून मी गाडी वस्तीबाहेरच्या वळणांवर फिरवून आणली. मागचा भाग कलला नाही. जिथे हिसका बसायचा तिथे गाडी शहाण्यासारखी वळली. मी परत आले तेव्हा बाबा दारातल्या ओट्यावर बसून नखांतलं ग्रीस काढत होते. मी म्हणाले, "एकदम झकास झालंय बाबा. वळणावर हूं की चूं नाही." ते म्हणाले, "हं."

"उद्या येणार ना बरोबर?"

"बघू," ते म्हणाले. बाबा कधी बघू म्हणत नाहीत. हो म्हणतात नाहीतर नाही म्हणतात.

तेवढ्यात दादाचा फोन आला. वेळ साधण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. "झाला का बार बसवून?"

"झाला. एक नंबर झालाय."

"बाबांनीच बसवला? सगळं त्यांनीच आवळलं?"

मी तोंड उघडलं. काय सांगायचं ते माझं कधीचंच ठरलेलं होतं, त्यात अर्ध्याहून जास्त खरंही होतं. हो, सगळं बाबांनी. तुझ्यासारखे दहा आले तरी असा आवळणारा मिळायचा नाही. पण बाबांनी हात पुढे केला. मी फोन मागे घेतला, तरी त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "नाही, नाही. काम पोरीनं केलं. सगळे नट तिनंच आवळले." पलीकडून दादा काहीतरी म्हणाला. बहुतेक बरं झालं असं म्हणाला असावा. "हो, मी होतो ना तिथेच," बाबा म्हणाले. "मी बॅटरी धरली होती."

त्यांनी फोन मला दिला आणि हात धुवायला आत गेले. दादा हॅलो हॅलो करत होता. मला इतका संताप आला होता, की त्याच्याशी, बाबांशी, कुणाशीच मला बोलायचं नव्हतं. मी फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि बॅटरी उचलून तिच्या जागेवर, पान्यांच्या शेजारच्या खिळ्याला टांगून आले.